घरची कीड आणि गोदामातील गोळी



धान्याच्या व्यापाऱ्यास किडीची ओळख करून द्यावयास नको. सोंडे, खापरा, पतंग हे आमचे जुने भागीदारच होत. भांडवल घालीत नाहीत, वाटा मात्र चुकवीत नाहीत. परंतु याच ओळखीमुळे आम्ही व्यापारी आपल्या घराच्या बाबतीत नको तितके निर्धास्त झालो आहोत, असे आमचे मत आहे.

कन्नौदसारख्या बाजारपेठेच्या गावी जुन्या घरांचा घाट बहुधा एकच : खाली पेढी, मागे कोठार, माडीवर बिऱ्हाड. घरात वाळवी लागली किंवा झुरळे, ढेकूण झाले, की पहिली हाक जाते ती गोदामास गोळी लावणाऱ्या माणसाला. तो ओळखीचा असतो आणि पैसेही बेताचे घेतो. कोणी तर त्यालाही न बोलाविता गोदामातील दोन-चार गोळ्या घरच्या गव्हाच्या कोठीत टाकतात. ही रीत आम्ही सोडलीच पाहिजे. गोदाम राखणे व घर राखणे ही दोन निराळी कामे होत.

ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतील ओलाव्याचा स्पर्श होताच तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघू लागतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम वायू बाहेर पडतो. गोदामात थप्पीवर वायुरोधक आच्छादन घालतात, कडा दाबून टाकतात, पाच ते सात दिवस कोणास आत जाऊ देत नाहीत. घरात असे आच्छादन कोण घालणार, आणि मुलाबाळांस इतके दिवस कोठे ठेवणार? हा वायू फटीफटींतून शेजारच्या खोलीत व माडीवर पोहोचतो. लसणासारखा वास येतो म्हणतात. पण वास आला नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच नव्हे. आणि या विषावर उतारा नाही. म्हणूनच सरकारने 2001 साली 10 व 20 गोळ्यांच्या नळ्या बंद केल्या आणि तिचा वापर सरकारी संस्था व मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे कीडनियंत्रक यांच्यापुरता मर्यादित केला. ती गोळी दिवाणखान्यात आणण्याचा अधिकार तुम्हांआम्हांस नाही.

ही भीती कल्पनेतील नव्हे. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील अमारिलो येथे घराखाली टाकलेल्या या द्रव्यावर पाणी पडून वायू उसळला व एकाच घरातील चार मुले दगावली. फेब्रुवारी 2020 मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत कीडनियंत्रणाची फवारणी झालेल्या घरात परतलेले दांपत्य मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईजवळ कुंद्रत्तूर येथे उंदरांसाठी ठेवलेल्या विषाने दोन बालकांचे प्राण घेतले. तेथे तर काम कंपनीच्याच माणसांनी केले होते. तेव्हा 'कंपनी बोलाविली' एवढ्याने जबाबदारी संपत नाही. कोणती बोलाविली, हा खरा प्रश्न.

येथे आमचे व्यापारी शहाणपणच कामी येते. नमुना पाहिल्याविना आम्ही भाव बोलत नाही. मग जी कंपनी घर न पाहता फोनवरच भाव सांगते, तिच्यावर भरवसा का ठेवावा? चांगला कारागीर आधी घर पाहील, ओल कोठे आहे, वाळवीची माती कोठून चढते, हे शोधील, आणि मगच आकडा सांगेल.

दुसरी गोष्ट परवान्याची. कीटकनाशक अधिनियम 1968 व त्याखालील 1971 चे नियम यांनुसार धंदा म्हणून हे काम करणाऱ्यास परवाना लागतो. तो मागून पाहण्यात संकोच नसावा. मंडीत आम्हांसही परवाना दाखवावाच लागतो. परवान्यावरील नाव व मुदत वाचावी.

तिसरी गोष्ट, औषधाचे नाव पावतीवर लिहून घ्यावे आणि डबा सीलबंद असतानाच पाहावा. वेष्टनावर रंगाचा चौकोन असतो : लाल अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. बिनचिठ्ठीच्या बाटलीतून आणलेले औषध उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवावे. डायक्लोरव्हॉस नावाचे एके काळी घरोघर फवारले जाणारे औषध 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. ते कोणी काढले तर त्याचा परवाना पाहण्याचीही गरज नाही.

चौथी गोष्ट, कामाची पद्धत विचारावी. वाळवीसाठी भिंत व फरशी यांच्या सांध्यात सुमारे एक-एक फुटावर बारीक छिद्रे पाडून औषध जमिनीत मुरवितात. नुसते वरून शिंपडून जाणारा पैसे घेऊन वाळवी ठेवून जातो. झुरळांस बिजागऱ्या व फटी यांत लावलेले मलम बहुधा पुरते. घरात केव्हा परतावे, किती वेळ दारे-खिडक्या उघडी ठेवावीत, हेही लेखी घ्यावे. वृद्ध, गर्भवती व तान्ही मुले घरात असल्यास आधीच सांगावे.

कोणी म्हणेल, इंदूरहून माणूस बोलवायचा म्हणजे खर्च फार. खर्च आहे, हे आम्हांस मान्य. परंतु मालाच्या विम्याचा हप्ता भरताना आम्ही कुरकुर करीत नाही. मग माडीवर झोपलेल्या नातवंडांच्या बाबतीत शे-दोनशेंची घासाघीस कशासाठी?

शेवटी एक गोष्ट आपल्या समाजास विशेष लागू पडते. व्यवसायात घडणाऱ्या हिंसेचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झाला आहे, आणि जयणा ही घराघरांत शिकविली जाते. विष हा अखेरचा उपाय होय, पहिला नव्हे. गहू उन्हात खडखडीत वाळवून, चाळून, ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणून कोठीत भरावा. डाळीस एरंडेल चोळावे. मोरीची गळती थांबवावी. लाकडी कपाट ओल्या भिंतीपासून दूर ठेवावे. उंदरांची बिळे व फटी बुजवाव्यात. ज्या घरात एवढे होते, तेथे कीड येण्याचेच कारण उरत नाही, आणि जीवहिंसेचा प्रसंगही टळतो. चांगली कंपनीही हेच आधी सांगते. जी याविषयी अवाक्षर न काढता थेट पंप उचलते, तिला आपल्या घरापेक्षा आपल्या पैशाची ओढ अधिक, असे खुशाल समजावे.

सभासद बंधूंनी गोदामातील गोळ्या कुलपात ठेवाव्यात, त्यांची मोजदाद वहीत लिहावी आणि त्यांतील एकही जिन्याची पायरी चढू देऊ नये, एवढीच नम्र विनंती.