तिथी पाहून बोट ठरवा

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावांहून मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली. तिथल्या कुटुंबांच्या सहली आखणाऱ्या आपल्या व्यावसायिक बंधुभगिनींना एकच सांगणे आहे: पत्रकात ‘गेटवे, बोटिंग’ एवढे छापून आता भागणार नाही. राणीची बाग सवडीने उरकता येते, बंदरातली सफर नाही. तिची वेळ समुद्र ठरवतो.

आधी बोट ठरवा. बसभर मंडळी असतील तर घारापुरीची लाँच बरी. एका बाजूचा प्रवास तासाभराचा, आणि सोमवारी लेणी बंद. शिडाच्या होडीत मोजकीच माणसे मावतात, ती एखाद्या कुटुंबालाच सुचवा. दिवाळीच्या सुट्टीपासून मेपर्यंत हंगाम. पावसाळ्यात नाव काढू नका. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा मंद असतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा शीड भरते.

मग पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी. गिऱ्हाइकाला सूर्यास्त हवा असतो तो नेमका तेव्हाच. पाणी उतरले की धक्क्याच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि नऊवारीतल्या आजींना होडीत उतरवताना सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा: संध्याकाळी पाणी वर आलेले, शिवाय भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्याने ओढही कमी. तारीख पक्की करण्यापूर्वी छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रक मात्र पाहाच.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यामुळे बयाणा देण्याआधी लाइफ जॅकेटे मोजा, मुलांच्या मापाची आहेत का तेही बघा. पट्टे आवळून जॅकेट खांद्याशी धरून वर ओढा. हनुवटीपर्यंत सरकले तर ते त्या मुलाचे नव्हे.

पत्रकात तारखेशेजारी तिथी आणि भरतीची वेळ छापा. वारा पडला किंवा फार वाढला तर सफर रद्द होईल, मग पैसे किती परत मिळतील, तेही तिथेच लिहा. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्याला हे विचारायचे सुचत नाही. न विचारता सांगणे हा आपल्या धंद्याचा भाग आहे.