फॉरमॅटने आवाज बदलत नाही

दिवाळी उलटली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया भरतात, शंकरपट लागतात आणि रात्र-रात्र नाटकं चालतात. हंगामाच्या तोंडावर लाखनीतल्या घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्याकडे नाटकाचं गाणं, गाडीवर वाजवायची जाहिरात, एखादं भजन अशी घाईची कामं येतात. अशा वेळी प्लगइनचा व्हीएसटी ३ फॉरमॅट गोड वाजतो की एयू, या वादात रात्र घालवू नये. एकाच कंपनीचा, एकाच आवृत्तीचा कॉम्प्रेसर कुठल्याही फॉरमॅटमध्ये लावा, आतलं गणित तेच राहतं. फॉरमॅट ही फक्त प्लगइन आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या देवाणघेवाणीची रीत आहे. फरक ऐकू आलाच, तर आधी लेव्हल तपासा.

काळजी करायची ती यंदाचा प्रोजेक्ट पुढच्या हंगामात उघडेल का, याची.

श्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये क्यूबेस या आपल्या सॉफ्टवेअरबरोबर व्हीएसटी आणलं. १९९९ चं व्हीएसटी २ इतकं रुजलं, की २००८ मध्ये व्हीएसटी ३ येऊनही लोक हलले नाहीत. शेवटी २०१८ मध्ये कंपनीने जुन्याचं डेव्हलपर किट देणंच थांबवलं. आपल्या विंडोज लॅपटॉपांवर मात्र व्हीएसटी २ च्या डीएलएल फायलींचा ढीग तसाच आहे. त्यातल्या बऱ्याच ३२ बिटच्या, आणि स्पष्टच बोलायचं तर कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेल्या. विंडोज नव्याने टाकलं की प्रोजेक्ट उघडतो, पण गायकाच्या ट्रॅकवरचा रिव्हर्ब गायब असतो. नवं काम व्हीएसटी ३ वरच करा. त्याच्या फायली एका ठरलेल्या फोल्डरमध्ये बसतात. शिवाय ट्रॅकवर शांतता असेल तेव्हा प्लगइनला काम थांबवण्याची सोय या फॉरमॅटमध्ये आहे. प्लगइन बनवणाऱ्याने ती वापरली असेल, तर जुन्या प्रोसेसरला तेवढाच दिलासा.

मॅकवर लॉजिक वापरणाऱ्याला निवडच नाही, तिथे एयू. प्रो टूल्समध्ये एएएक्स. व्हीएसटी तिथे चालत नाही. म्हणून नागपूर-मुंबईच्या स्टुडिओकडे मिक्सिंगला गाणं पाठवायचं असेल, तर त्यांच्याकडे काय आहे हे गायकाला माइकसमोर उभं करण्यापूर्वीच विचारा.

२०२२ मध्ये यू-ही आणि बिटविग यांनी क्लॅप हा खुल्या परवान्याचा फॉरमॅट आणला. रीपर आणि बिटविगमध्ये तो चालतो, क्यूबेस आणि लॉजिकमध्ये नाही. आमचं मत विचाराल, तर रीपरवाल्यांनी तो जरूर वापरून पाहावा, पण गिऱ्हाइकाचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नये. व्हीएसटी ३ चं किटही २०२५ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं झालं. तेव्हा परवान्याच्या बाबतीत क्लॅपची आघाडी आता उरलेली नाही.

फॉरमॅट कुठलाही असो, काम संपलं की प्रत्येक ट्रॅक दोनदा वेव्हमध्ये काढून ठेवा: एकदा कोरा, एकदा इफेक्टसकट. दोन्ही २४ बिट, दोन्ही गाण्याच्या शून्य सेकंदापासून. ऑर्गन आणि ढोलकी वेगवेगळ्या माइकवर घेतली असेल, तर वेगळीच ठेवा. टेम्पो आणि सॅम्पल रेट फोल्डरच्या नावातच लिहा.