मरणाच्या हिशेबात न बसणारे दुखणे

सांधे दुखतात म्हणून कोणी मरत नाही, अशी एक समजूत समाजात खोल रुजलेली आहे. वैद्यकाच्या काटेकोर दृष्टीने ती पूर्णपणे खरी नाही. दीर्घकाळ आमवात भोगणाऱ्या रोग्याला हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो आणि त्यामुळे त्याचे आयुष्यही उणावते. परंतु मृत्यूच्या दाखल्यावर आमवाताचे नाव क्वचितच चढते. आणि ज्या रोगाचे नाव दाखल्यावर चढत नाही, त्याची सरकारदरबारी फारशी दखल घेतली जात नाही. प्लेग, देवी, पटकी, क्षय या रोगांनी राज्यकर्त्यांना भय घातले म्हणून त्यांच्यासाठी खाती निर्माण झाली, लसी निघाल्या, देशोदेशींच्या सरकारांनी करार केले. संधिवाताने कोणत्याही राज्यकर्त्याला भय घातले नाही. तो घराच्या कोपऱ्यात बसून राहिला.

या कोपऱ्यातल्या माणसांची संख्या मात्र थोडीथोडकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे हाडे, सांधे, स्नायू व कणा यांच्या विकारांनी ग्रस्त झालेली माणसे जगात सुमारे १७१ कोटी आहेत. म्हणजे दर पाच माणसांमागे एकाहून अधिक. एकट्या कंबरदुखीने २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक पीडित होते आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असे संशोधकांचे अनुमान आहे. १६० देशांत काम करण्याची शक्ती हिरावून घेणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. फळ्यापर्यंत हात न पोचणारी शिक्षिका, लेखणी धरताना बोटे आखडणारा कारकून, भातलावणीनंतर ताठ उभी राहू न शकणारी शेतमजूर स्त्री, ही सारी या आकड्यांत आहेत. मात्र यांतील बहुतेकांनी आपले दुखणे वयाच्या किंवा नशिबाच्या खात्यावर मांडून टाकलेले असते.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात या उपेक्षेला एक निश्चित कारण आहे, आणि ते मोजमापाच्या पद्धतीत दडलेले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने सप्टेंबर २०११ मध्ये असंसर्गजन्य रोगांवर उच्चस्तरीय बैठक भरवली. तिने चार रोगगटांवर लक्ष केंद्रित केले: हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे जुनाट विकार. २०१८ मध्ये मानसिक आरोग्याची त्यात भर पडली. संधिवात बाहेरच राहिला. पुढे शाश्वत विकासाची जी उद्दिष्टे ठरली, त्यांतही या रोगांमुळे होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने घटवावेत, असे लक्ष्य घालण्यात आले. अकाली मृत्यू हीच जेथे फूटपट्टी, तेथे चाळीस वर्षे दुखत जगणाऱ्या माणसाला जागा कोठून मिळणार? भारताने २०१० मध्ये आपला राष्ट्रीय कार्यक्रम आखला तो कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्यासाठी. जिनिव्हात जे मोजले जात नाही ते दिल्लीत योजले जात नाही, आणि दिल्लीत जे योजले जात नाही त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालयात खोली मिळत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. संधिवाताशी झुंजणाऱ्या वैद्यांचा आंतरराष्ट्रीय संघ १९२० च्या दशकातच उभा राहिला होता. १९९८ मध्ये स्वीडनमधील लुंड या विद्यापीठनगरीत अस्थिशल्यविशारदांनी पुढाकार घेतला आणि २००० ते २०१० हे दशक 'अस्थी व संधी दशक' म्हणून साजरे करावे असे ठरले. संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी त्यास पाठिंबा दिला आणि जानेवारी २००० मध्ये जिनिव्हात त्याचा प्रारंभ झाला. कितीतरी सरकारांनी सह्या केल्या. दशक संपले, जागतिक संघटनेचे नाव बदलले, कामही चालू राहिले. परंतु सह्या करणाऱ्या सरकारांच्या अंदाजपत्रकांत त्या सह्यांचे प्रतिबिंब फारच पुसट उमटले. दशके, वर्षे आणि दिवस साजरे करण्याची ही राष्ट्रसंघीय हौस काही वेळा कामाची ठरते हे मान्य केले, तरी १२ ऑक्टोबरला 'जागतिक संधिवात दिन' पाळून एकाही रुग्णाचा जिना कमी होत नाही.

याच्या तुलनेत दुसरा एक उपक्रम कितीतरी साधा, स्वस्त आणि म्हणूनच अधिक फलदायी ठरला. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवातविषयक आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ मध्ये 'कॉपकॉर्ड' नावाचा कार्यक्रम आखला. त्याचा प्रारंभ फिलिपीन्समध्ये झाला. यामागची कल्पना अशी की, गरीब देशांत रोगी रुग्णालयात येण्याची वाट पाहत बसू नये. गावातल्या स्वयंसेवकांनी प्रश्नपत्रिका घेऊन घरोघर जावे, कोणाला कोठे दुखते ते विचारावे आणि ज्यांना दुखते त्यांना तज्ज्ञाने गावातच तपासावे. यासाठी महागडी यंत्रे नकोत, मोठी इमारत नको. हवी ती लोकांच्या भाषेतील प्रश्नावली आणि ती वाचून दाखवणारा, लोकांच्या ओळखीचा माणूस.

या कार्यक्रमाचे भारतातील एक प्रमुख केंद्र पुणे जिल्ह्यात आहे, याची कल्पना महाराष्ट्रातही फार थोड्यांना असेल. पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण या गावी १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सर्वेक्षण सुरू केले. चार हजारांहून अधिक प्रौढ ग्रामस्थांची घरोघर विचारपूस झाली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. आमवाताचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास निघाले. अर्धा टक्का हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. परंतु भारताच्या प्रौढ लोकसंख्येला तो लावून पाहिला म्हणजे लाखांचे हिशेब सुरू होतात. आमवात हा थंड हवेतल्या गोऱ्या लोकांचा रोग आहे, उष्ण देशांत तो विरळा, असा जो समज पुस्तकांतून वावरत होता, त्याला अशा पाहणीने तडा गेला. आणखी एक गोष्ट उघड झाली. पुष्कळ गावकऱ्यांच्या दुखण्याला पुस्तकात नेमके नावच नव्हते. कष्ट, बसण्याची व वाकण्याची पद्धत, ओझी वाहणे, अपुरा आहार यांतून आलेले ते दुखणे युरोपात तयार झालेल्या वर्गीकरणात बसेना. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा खरा अर्थ येथे दिसतो. पद्धत बाहेरून आली, पण उत्तर भिगवणचे होते, आणि ते उत्तर जगाच्या ज्ञानात जमा झाले.

असे जाळे गावपातळीवर विणलेले असले म्हणजे साथीच्या वेळी ते किती उपयोगी पडते, हेही महाराष्ट्राने अनुभवले आहे. २००६ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा गावेच्या गावे लंगडू लागली. 'लंगडा ताप' हे नाव लोकांनीच दिले. मूळ नावही आफ्रिकेतील माकोंडे भाषेतले, वाकवून टाकणारा या अर्थाचे. ताप आठवड्यात उतरला, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्महिने धरलेले राहिले. डास मारण्याचे खाते सर्वत्र होते. धरलेल्या सांध्यांकडे पाहणारे खाते कोठेच नव्हते.

औषधांचा इतिहास पाहिला तर देशांच्या सरहद्दी किती कृत्रिम आहेत ते ध्यानी येते. आमवातावर आज जगभर प्रथम दिले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात हे औषध व त्याचे जातभाई सिद्ध झाले, ते मुख्यतः रक्ताच्या कर्करोगासाठी. १९५१ मध्येच त्या कुळातील एक औषध आमवातावर गुण देते असे दिसून आले होते. परंतु त्याच सुमारास कॉर्टिझोनचा चमत्कार गाजत होता. १९५० चे नोबेल पारितोषिकही त्याला मिळाले होते. मेथोट्रेक्सेट मागे पडले, आणि अमेरिकेत आमवातासाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. स्वस्त आणि जुन्या औषधामागे कोणी वकील उभा नसतो, एवढाच याचा अर्थ. उलट, जैविक इंजेक्शनांच्या नव्या पिढीचे वकील पुष्कळ. त्यांतील अडालिमुमाब या औषधाची जगातील पहिली प्रतिकृती अहमदाबादच्या एका कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये, मूळ औषधाच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या किमतीत, भारतीय बाजारात आणली. अमेरिकी रुग्णाला अशी प्रतिकृती मिळायला पेटंटांच्या तटबंदीमुळे २०२३ साल उजाडावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या औषधाला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले हे योग्यच झाले. पण पाचवा हिस्सा किंमतही शेतमजुराच्या आवाक्याबाहेरची असते, हे यादी करणाऱ्यांना बहुधा ठाऊक असते आणि खर्च मंजूर करणाऱ्यांना नसते.

सरहद्दी कृत्रिम असल्या तरी संकटकाळी त्या किती चटकन उभ्या राहतात, हे २०२० च्या वसंतात दिसले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपस व आमवात यांच्या रुग्णांची नेहमीची गोळी. ती कोविडवर चालते अशी हूल उठली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिची तरफदारी केली, भारताने २५ मार्चला निर्यातीवर बंदी घातली, दबाव आल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती सैल केली. या ओढाताणीत, जे वर्षानुवर्षे त्या गोळीवर जगत होते, त्यांना औषधाच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागले. त्याच महिन्यात जगातील संधिवाततज्ज्ञांनी आणि रुग्णांनी, कोणत्याही सरकारची वाट न पाहता, कोविड झालेल्या संधिवातरुग्णांची जागतिक नोंदवही सुरू केली. काही आठवड्यांत ४० देशांतील ६०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टिरॉइडची अधिक मात्रा घेणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा संभव जास्त, असे त्यात दिसले. आणि ही बहुचर्चित गोळी आधीपासून घेणाऱ्यांनाही कोविड होतोच, हेही नोंदले गेले. सरकारे औषध अडवीत होती तेव्हा वैद्य माहिती वाटीत होते.

रुग्णांचा उल्लेख येथे औपचारिकतेने केलेला नाही. संधिवाताच्या औषधांची परिणामकारकता कशी मोजावी हे ठरवणारा तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट १९९२ पासून काम करतो. सुजलेले सांधे किती, रक्तातील दाह किती, हे तो मोजत आला. २००२ मध्ये प्रथमच रुग्णांना त्या परिषदेत बरोबरीने बसवले गेले, आणि त्यांनी सांगितले की दुखण्याइतकाच थकवा आम्हांला मारतो. दहा वर्षे विद्वान मोजत होते आणि थकवा कोणी मोजलाच नव्हता!

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुद्र नाही. ज्या देशात क्षयाने माणसे मरतात, कुपोषित बालके दगावतात, त्याने गुडघेदुखीवर पैसा का खर्चावा? मरणाऱ्याचा हक्क पहिला, हे तत्त्व निर्विवाद आहे. परंतु प्रश्न नव्या तिजोरीचा नाही, चालू व्यवस्थेत दोन गोष्टी घालण्याचा आहे. आमवातात पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधा वाचतो. दोन-तीन वर्षे तेल चोळण्यात गेली तर हाडच कुरतडले जाते आणि मग कितीही पैसा ओतला तरी ते परत येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेने, सकाळी बोटे किती वेळ आखडलेली राहतात, एवढे विचारले तरी निम्मे काम होईल. आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दोन पावले या दिशेने टाकली. मे महिन्यात पुनर्वसनसेवा प्राथमिक आरोग्यव्यवस्थेत आणण्याचा ठराव झाला आणि डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीच्या उपचारांसाठी पहिली मार्गदर्शिका निघाली. ठराव भारतालाही लागू आहे.

पण आपल्याकडील योजनांचा साचाच वेगळा आहे. आयुष्मान भारत असो वा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असो, रुग्ण खाटेवर पडला की खर्च मिळतो. संधिवाताचा रुग्ण खाटेवर पडत नाही. तो दर महिन्याला बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा राहतो, आणि उभे राहणे हेच तर त्याचे दुखणे. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि दीड लाखाच्या पुढे असलेला सांधा सुमारे ५५ हजारांत आला. तो निर्णय धाडसी होता. मात्र गुडघा बदलण्याची पाळी येऊ नये म्हणून लागणाऱ्या व्यायामतज्ज्ञाची नेमणूक तालुक्याच्या ठिकाणी अजून अपवादानेच आढळते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत; संधिवाताचा त्यांत स्वतंत्र निर्देश नाही. बोटे कायमची वाकडी झाल्यावर तो कायदा कारकुनाच्या मदतीला येऊ शकतो, वाकडी होत असताना येत नाही.

मेथोट्रेक्सेटची गोळी आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर प्राण जाऊ शकतो. अशा चुका प्रगत देशांतही होत राहिल्या, म्हणून युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१९ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा छापणे, रुग्णाला सूचनापत्र देणे असे उपाय सुचवले. ते उपाय येथे उतरवण्यास परदेशी मदत लागत नाही, परिषदही लागत नाही. भारतात ही गोळी काही रुपयांत मिळते आणि तिच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. 'आठवड्यातून एकदाच' हे दोन शब्द मराठीत, मोठ्या अक्षरांत छापण्याचा आदेश अन्न व औषध प्रशासन आणि केंद्रीय औषध नियंत्रक यांनी एकत्र बसून काढावा.