चेंडूची निगा आणि शाळेचे दप्तर

जून महिन्यात शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीचे कुलूप उघडले जाते, तेव्हा लोखंडी गोळ्यांच्या आणि उडीच्या गाद्यांच्या भाराखाली दबून एका अंगाने चेपलेले फुटबॉल पाहण्याचा प्रसंग माझ्यावर अनेकदा आला आहे, आणि प्रत्येक वेळी मन विषण्ण झाले आहे. साठ्याच्या नोंदवहीत हे चेंडू शिल्लक म्हणून दाखवलेले असतात. खेळाच्या दृष्टीने ते केव्हाच बाद झालेले असतात. खरेदीसाठी दरपत्रके, मंजुरी आणि पावत्या असा सारा सरंजाम उभा करणाऱ्या व्यवस्थेला पंप आणि पिन यांच्या किरकोळ खर्चाची तरतूद सुचू नये, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

ज्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ आजही तालमींची नावे अभिमानाने धारण करतात, तेथे साधनाची निगा ही काही परकी कल्पना नव्हे. कुस्तीच्या हौद्यातील तांबड्या मातीत तेल, ताक आणि हळद मिसळून ती मऊ व निर्मळ राखणे, हा तेथे साधनेचाच भाग मानला गेला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे ज्या परंपरेतून आली, तिने मातीला जो मान दिला तो चेंडूलाही मिळावा, एवढीच माझी मागणी आहे.

खेळाच्या नियमांनी मोठ्यांच्या चेंडूचा परीघ 68 ते 70 सेंटिमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम आणि आतील हवेचा दाब 0.6 ते 1.1 वातावरण इतका ठरवून दिला आहे, तो उगाच नव्हे. हवा कमी असलेला चेंडू उसळत नाही आणि प्रत्येक लाथेसरशी दुमडून टाक्यांवर भलताच ताण आणतो. फाजील हवेचा चेंडू दगडासारखा होऊन हेडर घेणाऱ्या कोवळ्या कपाळावर आदळतो. अंगठ्याने दाबून हवा अजमावण्याची रीत जाणत्या हाताला साधते, परंतु दाबमापक जवळ असल्यास मुलांच्या कपाळाशी संबंधित ही बाब अंदाजावर सोडावी लागत नाही.

चेंडूचा सर्वांत मोठा घात मात्र कोरड्या पिनेने होतो. पिन पाण्याने किंवा ग्लिसरीनच्या थेंबाने ओली न करता व्हॉल्व्हमध्ये तिरकी खुपसली, की आतील रबर चिरते, आणि मग कितीही हवा भरली तरी ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. उलट, लॅटेक्सच्या ब्लॅडरमधून हवा हळूहळू झिरपणे हा त्या पदार्थाचा धर्मच असल्यामुळे, दोन-चार दिवसांत सैल पडलेला चांगला चेंडूही पंक्चर समजून फेकला जातो. ब्युटाइलचे ब्लॅडर पुष्कळ अधिक काळ हवा धरते, हा भेद खरेदी करणाऱ्याने जाणला पाहिजे.

फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधरात चेंडू शिवण्याचा उद्योग वाढवला. बारा पंचकोनी आणि वीस षट्कोनी तुकडे मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी, उलट बाजूने शिवत जाऊन शेवटी तो गोल उलटून सुलट करणाऱ्या माणसाचे श्रम ज्याने मनात आणले आहेत, त्याला चेंडूवर बसून गप्पा मारणारी मुले पाहून स्वस्थ राहवत नाही. बसण्याने चेंडूचा आकार बिघडतो, आणि काँक्रीटच्या अंगणातील घासणीने त्याचे वरचे आवरण सोलले जाऊन शिवण उघडी पडते.

म्हणून क्रीडाखर्चाच्या अंदाजपत्रकात देखभालीची स्वतंत्र बाब असावी, आणि प्रत्येक चेंडू आठवी-नववीतील एकेका विद्यार्थ्याच्या नावे, त्याच्या सहीनिशी, सोपवला जावा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्याने ओल्या फडक्याने चिखल पुसावा, भिजलेला चेंडू उन्हात न टाकता सावलीत वाळवावा, टाके बोटांनी चाचपावेत; आणि उन्हाळी सुटीपूर्वी, पत्र्याच्या छपराखाली हवा तापून दाब वाढू नये यासाठी थोडी हवा सोडून, चेंडू जाळीच्या पिशवीत घालून खुंटीला टांगावा.