हरणारं बिल

अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. तेवढ्या काळात अंधेरीकरांनी गोखल्यांचं नाव जितक्यांदा घेतलं (आणि ज्या सुरात घेतलं!), तितकं त्यांच्या हयातीतही कुणी घेतलं नसेल. पण बॉस, हे गोपाळ कृष्ण गोखले नेमके कोण? ‘गांधीजींचे गुरू’ याच्यापुढे माझ्या ग्रुपमधल्या कुणाचीच गाडी गेली नाही.

तर ऐका. मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी इम्पिरियल कौन्सिलमध्ये एक बिल मांडलं. फंडा साधा होता. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी शाळा सक्तीची करू द्या, मुलींचं पुढे बघू. महिना १० रुपयांहून कमी कमावणाऱ्या आईबापांकडून फी नको. सरकारचं उत्तर ठरलेलं: पैसे नाहीत आणि लोकांची तशी मागणीही नाही. गोखले काँग्रेसचे माजी अध्यक्ष, जिनांसारखे मेंबर सोबत. पण कौन्सिलमध्ये बहुमत सरकारी मेंबरांचं. आपण हरणार, हे गोखल्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी बिल मागे घेतलं नाही. १९ मार्च १९१२ ला मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८.

१९१५ मध्ये गोखले गेले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांताच्या कौन्सिलात तसंच बिल पास करून घेतलं. देशभरासाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मात्र २००९ चा. त्यात खासगी शाळांमधल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट! आता घाटकोपर-मुलुंडच्या वस्तीत एक किलोमीटरवर पालिकेची शाळा नाही, अशी जागा शोधून दाखवा. म्हणजे तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचा पत्ता कट. जुलै २०२४ मध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला, म्हणून निभावलं.

मला खटकतं ते हेच. गोखल्यांनी हरायची तयारी ठेवून सगळ्यांसमोर मत मागितलं. इथे सभागृहात कुणाला हात वर करावाच लागला नाही. पुढच्या निवडणुकीत उमेदवार सोसायटीत आले की पाणी आणि पार्किंगसोबत एवढंही विचारा: त्या २५ टक्क्यांच्या बाजूने, पक्षाला नको असलं तरी, तुम्ही बोलाल का?