चषकाच्या अलीकडची भिंत

क्रीडाचित्रपटाचा साचा ठरलेला असतो: वाया गेलेली म्हणून हिणवली जाणारी मुले, त्यांना हाताशी धरणारा प्रशिक्षक आणि अखेरच्या सामन्यातील विजय. नागराज मंजुळे यांचा ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेला ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट या साच्यात शिरतो खरा, परंतु वस्तीतील संघ महाविद्यालयाच्या संघाला भिडतो तो सामना संपला तरी तो थांबत नाही, आणि त्याचे खरे मोल तेथून पुढे आहे.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुले पाहिली आणि २००१ मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’चा उपक्रम सुरू केला. त्यातील खेळाडू पुढे ‘बेघरांच्या विश्वचषका’पर्यंत, म्हणजे २००३ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे सुरू झालेल्या, चौघाचौघांच्या संघांनी लहान मैदानावर खेळण्याच्या स्पर्धेपर्यंत पोहोचले. अमिताभ बच्चन यांनी साकारलेले विजय बोराडे हे बारसे यांचेच पडद्यावरील रूप होय. बोराडे मुलांना उपदेश करीत नाहीत. अर्धा तास खेळण्याचे पाचशे रुपये देतात, आणि एके दिवशी पैसे नाहीत असे सांगितल्यावरही मुले मैदान सोडत नाहीत, तेव्हा खेळाची गोडी लागल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्रपट सुमारे तीन तासांचा आहे आणि उत्तरार्ध रेंगाळतो, ही तक्रार रास्त असली तरी ज्या भागाला रेंगाळणे म्हटले गेले तोच या कृतीचा गाभा आहे. परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा हवा, आणि रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या आदिवासी मोनिकाकडे तो नाही. आपली मुलगी याच देशाची आहे हे सिद्ध करण्यासाठी बापाला तिच्यासह दारोदार फिरावे लागते. गुणवत्ता असूनही माणूस कागदापाशी अडतो, ही गोष्ट गोल मोजणारे चित्रपट सहसा सांगत नाहीत. ‘झुंड’ हा शब्द जनावरांच्या कळपासाठी वापरला जातो, आणि झुंडीचा संघ होणे म्हणजे प्रत्येकाला नाव, चेहरा व नोंद मिळणे, हा अर्थ मंजुळे या धावपळीतून उभा करतात. आंबेडकर जयंतीच्या प्रसंगात बोराडे बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे राहतात, तेव्हा या नोंदीमागचा हक्क कोठून आला याचे भान प्रेक्षकाला येते.

अंकुश गेडाम यांनी साकारलेला डॉन विमानतळाच्या तपासणीत अडतो, कारण धातू ओळखणारे यंत्र वाजत राहते. खिशातील पाते, जे आजवर त्याच्या धाकाचे साधन होते, ते टाकल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. हा मूक प्रसंग कोणत्याही निर्णायक गोलाहून भारी आहे. विश्वचषकाचा सामना पडद्यावर येत नाही. विमान वस्तीवरून उडते, आणि खाली भिंतीवर ती ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची सूचना दिसते.