रिकाम्या खाणीतील रहिवासी

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘फोडीकम्मे’ म्हणजेच स्फोटककर्म गणलेले आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचे विवेचन करताना भूमी खणणे व दगड फोडणे यांचा समावेश त्यात केला आहे. त्यामुळे खाणीचा धंदा आपला नव्हे, असे मानून अनेक कुटुंबे निश्चिंत असतात. परंतु घराची फरशी, गोदामाचा पाया, मंदिराचा संगमरवर हे सारे कोणत्या तरी डोंगराच्या पोटातूनच आलेले असते. फरशी, सिमेंट वा बांधकामाच्या व्यापारात असलेल्यांचा तर त्याच्याशी रोजचाच संबंध. दगड काढताना होणारी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही. दगड काढून झाल्यावर त्या भूमीचे काय होते, हे विचारणे मात्र त्याच्या हाती आहे.

सोडलेली खाण म्हणजे मृत भूमी, हा पहिला गैरसमज. दख्खनच्या पठारावर शृंगी घुबड घरटे बांधत नाही; नदीकाठचे कडे, ओढ्यांच्या दरडी आणि जुन्या दगडखाणींचे कंगोरे येथे उघड्या जमिनीवरच अंडी घालते. रात्रभर उंदीर-घुशी टिपणारा हा पक्षी शेतकऱ्याचा मोठा साहाय्यक आहे. खाणीच्या कडेला मऊ मातीची उभी भिंत उरली असेल, तर वेडा राघू व खंड्या तिच्यात बिळे कोरतात. तळाशी साठलेल्या पावसाच्या पाण्यात बेडूक व चतुर वाढतात.

दुसरा गैरसमज सद्भावनेतून येतो. ‘खाण बुजवू, सपाट करू आणि हजार झाडे लावू,’ असा संकल्प आपल्या संस्था उत्साहाने सोडतात. पण राडारोडा ओतून खाण बुजवली की कंगोऱ्यावरची अंडी व दरडीतली पिले त्याखाली गाडली जातात. वर एकाच जातीची परकी झाडे ओळीने लावली, तर तेथील कीटकांना व पाखरांना त्यांचा फारसा उपयोग नसतो. पाऊल टाकण्यापूर्वी भूमी निरखून पाहणे ही जयणा होय. खाणीत यंत्र उतरवण्यापूर्वीही तीच जयणा हवी.

असे डोळसपणे केलेले काम दिल्लीजवळ पाहावयास मिळते. गुरुग्रामच्या सीमेवर अरवलीच्या टेकड्यांत पूर्वी दगडखाणी व खडीयंत्रे होती. मागे उरले होते खड्डे आणि विलायती बाभळीचे रान. २०१० पासून ‘आय एम गुडगाव’ ही नागरिकांची संस्था आणि महानगरपालिका यांनी तेथील सुमारे ३८० एकर भूमी सावरण्यास आरंभ केला. विजय धस्माना यांच्या मार्गदर्शनाखाली धौ, सालई, खैर अशी अरवलीचीच झाडे, झुडपे व गवते बियांपासून वाढवून लावण्यात आली. हळूहळू पाखरे, फुलपाखरे, कोल्हे परतले. २०२२ मध्ये, अधिकृत अभयारण्य नसतानाही जैवविविधता राखणारे क्षेत्र म्हणून देशातील पहिली मान्यता या उद्यानास मिळाली.

कायदाही याच दिशेने बोलतो. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला आदेश दिला की, खाणपट्ट्यात एक अट घालावी: खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने बिघडलेली जमीन पुन्हा गवताखाली आणावी आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांना पोषक अशा स्थितीत न्यावी. खर्च पट्टेदाराचाच. पांजरापोळीसाठी दरवर्षी चाऱ्याची देणगी देणाऱ्या आपल्या समाजाला या अटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

मग व्यापाऱ्याने काय करावे? माल घेताना भाव व प्रत विचारतो, तसेच ‘खाण बंद झाल्यावर जमिनीची तजवीज काय?’ हेही विचारावे. ज्यांचा खाणीशी थेट संबंध आहे, त्यांनी खोदण्यापूर्वी वरची माती वेगळी साठवावी. गवताचे बी तिच्यातच असते. काम संपल्यावर एखादी उभी भिंत कंगोऱ्यांसह राखावी. गुरे व मुले पडू नयेत म्हणून गावाच्या बाजूने कुंपण घालावे. पाण्याची एक कड उतरती ठेवावी, म्हणजे आत पडलेला जीव बाहेर येऊ शकेल. प्रथम स्थानिक गवत, मग झुडपे, मग झाडे, हा क्रम पाळावा. आणि घुबडाचे वास्तव्य दिसल्यास विणीचा काळ, म्हणजे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, तेथे कोणतेही काम काढू नये.

वहीतील येणे वसूल झाले, म्हणून देणे फिटत नाही. डोंगराकडून आपण दगड घेतला. त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांचे देणे त्या खात्यावर अजून बाकी आहे.